इंच मोजू नका, हवा मोजा

घरच्या घरी होम थिएटर जुळवण्याविषयी आम्ही या सदरात लिहू लागल्यापासून जी पत्रे येतात, त्यांतली निम्मी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : सबवूफरसाठी वूफर दहा इंची घ्यावा की बारा इंची? जणू कापड घ्यायला निघालो आहोत आणि मापच तेवढे सांगायचे राहिले आहे.

या महिन्यात आलेले एक पत्र मात्र वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीने ते लिहिले आहे. मुलगा आयटीआयला आहे. मोबाईल दुरुस्तीची किरकोळ कामे करून त्याने वर्षभरात पैसे साठवले आणि समोरचे, बाजूचे व मागचे असे पाच स्पीकर स्वतः बनवले. आता सबवूफर तेवढा राहिला आहे. अब्बा कुवेतला असतात, दोन वर्षांनी सुटीवर येतात. ते येण्याआधी सगळे तयार व्हावे, ही मुलाची जिद्द. दुकानदाराने दोन वूफर दाखवले. एक बारा इंची, "डीजेवाले नेतात तो, चारशे वॉटचा". दुसरा दहा इंची, गाडीत बसवायचा, वजनाला जड, आणि किंमत जवळपास तेवढीच. पैसे एकदाच खर्च करता येतील. शेवटी भगिनी लिहितात की, भिंतीपलीकडच्या खोलीत सासूबाई झोपतात, त्यांची झोप आधीच कमी आहे. मुलाचे मन मोडायचे नाही आणि दादींची रात्रही मोडायची नाही, तर काय करावे?

या पत्रात खरे म्हणजे दोन प्रश्न आहेत. वूफरचा आधी घेऊ, दादींचा नंतर.

सबवूफरचे काम काय, ते नीट समजले तर निवड निम्मी सोपी होते. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून पुढचा आवाज ऐकू येतो. बोलणे, गाणे, दार वाजणे हे सगळे बाकीचे पाच स्पीकर सांभाळतात. ढगांचा गडगडाट, इंजिनाची घरघर, स्फोटानंतर जमिनीतून आल्यासारखा वाटणारा हादरा, हे २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यातले काम सबवूफरचे. चित्रपटवाल्यांना याची ओढ जुनी आहे. १९७४ साली 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने 'सेन्सराउंड' नावाची व्यवस्था आणली आणि चित्रपटगृहांत मोठमोठे वूफर बसवून प्रेक्षकांना खुर्चीत भूकंप दिला. पुढे १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आले. '५.१' मधला तो 'पॉइंट एक' म्हणजे याच खालच्या आवाजासाठी राखून ठेवलेला वेगळा मार्ग. तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता 'पॉइंट एक' म्हणतात.

आता अडचण अशी की, आपला कान या खालच्या सुरांना फार मंद आहे. आवाज जाणवायला हवा पुष्कळ हलवावी लागते. शिवाय सूर जितका खाली, तितकी जास्त. ६० हर्ट्झचा जेवढा आवाज वूफर काढतो, तेवढाच ३० हर्ट्झचा काढायचा तर त्याच्या कोनला चौपट पुढे-मागे व्हावे लागते. सगळी मेख इथे आहे. सबवूफर हा एक प्रकारचा पंप आहे, आणि पंप घेताना आपण तोंडाचा घेर जसा पाहतो तसा दट्ट्या किती लांब सरकतो तेही पाहतो.

वूफरच्या तोंडाचा घेर म्हणजे कोनचे क्षेत्रफळ. आठ इंचीचे साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असते, दहा इंचीचे ३४०, बारा इंचीचे ५००, पंधरा इंचीचे ८०० च्या पुढे. दट्ट्याची धाव म्हणजे कोन बिघाड न होता एका बाजूला किती मिलिमीटर सरकू शकतो ते. माहितीपत्रकात ते 'एक्समॅक्स' या नावाने छापलेले असते. डीजेच्या मंडपातल्या वूफरचा एक्समॅक्स बहुतेक तीन ते पाच मिलिमीटर असतो. त्याचे कामच वेगळे. त्याला मैदानात, लग्नाच्या मांडवात, कमी वॉटमध्ये मोठा आवाज काढायचा असतो; म्हणून कोन हलका, कडेची घडी कडक, आणि ४५-५० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ हात टेकतो. ढोल त्यावर छान वाजेल. भूकंप वाजणार नाही.

हिशेबच करून पाहू. बारा इंची डीजे वूफर, एक्समॅक्स ४ मिलिमीटर : ५०० गुणिले ०.४ सेंटिमीटर, म्हणजे २०० घनसेंटिमीटर हवा. दहा इंची, लांब धावेचा, एक्समॅक्स १२ मिलिमीटर : ३४० गुणिले १.२, म्हणजे ४०० च्या थोडी वर. लहान दिसणारा वूफर दुप्पट हवा ढकलतो. दुप्पट हवा म्हणजे खालच्या सुरात ६ डेसिबल जास्त, आणि हा फरक कोणाच्याही कानाला कळतो.

दुकानदार चारशे वॉट म्हणाला, त्याकडे फार लक्ष देऊ नये. वॉट ही वूफर जळण्याआधी किती सोसेल याची खूण आहे, किती वाजेल याची नव्हे. शिवाय ते वॉट कोणते, हेही विचारावे. बाजारातल्या तयार स्पीकरांच्या खोक्यांवर पाच-पाच हजार 'पीएमपीओ' छापलेले सर्वांनी पाहिले आहे. पाठीमागे पाहावे तर आत बारा व्होल्टचा हातात मावणारा ट्रान्सफॉर्मर! पीएमपीओ हा आकडा विकण्यासाठी असतो, वाजवण्यासाठी नसतो. आरएमएस वॉट विचारावेत. घरच्या खोलीला शंभर ते दोनशे आरएमएस पुरून उरतात. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, त्यामुळे तिथे पैसे ओतून विशेष हाती लागत नाही.

यापुढचे थोडे किचकट आहे, पण आयटीआयचा मुलगा वाचणार आहे म्हणून लिहितो. बाकीच्यांनी हा भाग वगळून पुढे दादींच्या खोलीपाशी भेटावे.

वूफर आणि खोका यांची जोडी जमवायचे शास्त्र दोन माणसांनी बसवून दिले. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये पहिला निबंध लिहिला, आणि रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठात त्यावर काम करून १९७२-७३ च्या सुमारास ते पूर्णत्वाला नेले. आजही वूफरच्या पत्रकात जे आकडे येतात त्यांना 'थिएल-स्मॉल' म्हणतात. त्यांतले तीन पाठ करावेत. 'एफएस' म्हणजे उघड्यावर वूफर ज्या सुराला आपसूक जास्तीत जास्त डोलतो तो सूर. सबवूफरसाठी तो ३५ हर्ट्झच्या खाली असावा. 'क्यूटीएस' म्हणजे त्या डोलण्यावर चुंबकाचा आणि घड्यांचा लगाम किती. आकडा लहान तर लगाम घट्ट. 'व्हीएएस' म्हणजे वूफरच्या घड्या जितक्या लवचीक, तितकाच लवचीकपणा किती लिटर कोंडलेल्या हवेत असतो ते.

हे तीन आकडे हातात असले की बंद खोक्याचे माप कागदावर निघते. समजा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर. खोक्यात बसल्यावर लगामाचा आकडा ०.७ च्या आसपास यावा, म्हणजे आवाज सपाट येतो, उगाच घुमत नाही. ०.७०७ ला ०.४५ ने भागावे, उत्तराचा वर्ग करावा, त्यातून एक वजा करावा : येतात १.४७. साठ लिटरला १.४७ ने भागले की ४१ लिटर. वूफरचे धड आणि आतले आडवे टेके यांना चार लिटर धरले तर एकूण ४५. म्हणजे आतून साडेपस्तीस सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला तर बाहेरून चाळीसच्या आत. कोपऱ्यात सहज मावतो, वर फुलदाणी ठेवू नये एवढेच.

दुसरा प्रकार नळीवाल्या खोक्याचा. त्यात खोक्यातली हवा नळीवाटे बाहेर येऊन वूफरला मदत करते. नळी म्हणजे प्लंबरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दुसरे काही नाही. ८० लिटरच्या खोक्याला २५ हर्ट्झवर बसवायचे तर हा पाइप सुमारे ४३ सेंटिमीटर लांब लागतो. आवाज मोठा होतो, पण खोका गव्हाच्या कोठीएवढा होतो. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही : नळी ज्या सुरावर बसवली, त्याच्या खाली वूफरला हवेचा आधारच राहत नाही. २५ च्या खाली एखादा जोराचा हादरा आला की कोन मोकाट सुटतो आणि कॉइल मागच्या लोखंडावर आदळते. त्यासाठी अँप्लिफायरमध्ये खालचे सूर कापणारा फिल्टर हवाच. पहिल्यांदाच बनवणाऱ्याने नळीच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे. ज्यांनी दोन-तीन खोकी बनवली आहेत त्यांनी खुशाल जावे.

बंद खोक्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे. बंद खोलीत फार खालच्या सुरांना खोलीच उचलून धरते. पंधरा फुटी खोलीत हा फायदा साधारण ३७ हर्ट्झच्या खाली मिळू लागतो, आणि बंद खोक्याचा आवाज जिथे हळूहळू उतरत जातो नेमका तिथेच तो भरून निघतो. मात्र हे सिमेंटच्या, दारे-खिडक्या लागणाऱ्या खोलीत. कौलारू घरात, वर माळा उघडा आणि चारही बाजूंनी वारा, तिथे बेस कौलांतून निघून जातो. त्या घरात तोच सबवूफर शहरातल्या फ्लॅटपेक्षा पातळ वाजेल. दोष वूफरचा नसतो.

पत्रक मिळत नसेल तर? आमचे उत्तर : मग तो वूफर घेऊ नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर पत्रक देणारे दुकानदार भेटतात. घरात वूफर पडूनच असेल तर एफएस घरी मोजता येतो. वूफरला ४७० ओहमचा रेझिस्टर एकसर जोडायचा, मोबाईलवरून अँप्लिफायरला एकेक सूर द्यायचा, आणि मल्टिमीटरने वूफरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज पाहायचा. सूर २० पासून वर नेत जाल तसा व्होल्टेज चढेल आणि मग उतरेल. जिथे तो सर्वांत जास्त, तो एफएस. कोनवर मोजलेले वजन चिकटवून हाच प्रयोग पुन्हा केला की व्हीएएससुद्धा काढता येतो. वजनासाठी नाणी किंवा प्लॅस्टिसिन वापरावे. अम्मीच्या कणकेचा गोळा नको, कागदी कोनला ओल लागते आणि अम्मीही रागावतात.

गाडीच्या वूफरविषयी काही जण नाक मुरडतात. आम्हाला त्यात गैर काही दिसत नाही. धाव लांब असते, लहान खोक्यात बसतो आणि गावोगावी मिळतो. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. त्याला वॉट जास्त लागतात, कारण कोन जड असतो. आणि पुष्कळ वूफरांना दोन कॉइल असतात. चार-चार ओहमच्या दोन कॉइल एकसर जोडल्या तर आठ ओहम, समांतर जोडल्या तर दोन. बाजारात मिळणारी बरीच डी-क्लास अँप्लिफायर कार्डे दोन ओहमवर तापून बंद पडतात, काही कायमची. म्हणून आधी कार्डाचा किमान ओहम पाहावा, मग जोडणी ठरवावी. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी ठेवण्याची युक्ती करू नये; पत्रकातला क्यूटीएस दोन्ही कॉइल धरून असतो, एक सोडली की वरचा सगळा हिशेब चुकतो.

दुकानात हातात घेतल्यावर काय पाहायचे? दोन्ही हातांची बोटे पसरून कोन सरळ, सारखा दाबावा. आतून खरखर आली तर कॉइल घासते आहे, तो परत ठेवावा. कडेची घडी रबराची असावी. फोमची घडी कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. मल्टिमीटरवर चार ओहमचा वूफर साडेतीनच्या आसपास दाखवतो, ते बरोबरच असते. चुंबकावर रबरी टोपण असेल तर ते उचलून आत पाहावे. टोपण पातेल्याएवढे आणि चुंबक वाटीएवढे, असा मालही असतो. त्याच कारणाने खोक्यासाठी एमडीएफऐवजी पाणी सोसणारा प्लाय घ्यावा. एमडीएफ वाजायला उत्तम, पण चार पावसाळे काढणे त्याला कठीण. सांधे फेव्हिकॉलने आणि आतून सिलिकॉनने बंद करावेत, आत उशीत भरतात ते रेक्रॉन सैलसर भरावे. मागे थ्री-पिन आणि अर्थिंग हे हवेच. धातूच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर ठेवून टू-पिन लावणाऱ्याला आमच्या सदरात जागा नाही.

आता दादी.

उंच सूर भिंतीला आपटून परत येतात, खालचे सूर भिंत पार करतात. सूर निम्म्यावर आला की त्याच भिंतीची आवाज अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणून पलीकडच्या खोलीत संवाद ऐकू येत नाहीत, फक्त धम्म-धम्म तेवढे येते, आणि तेच माणसाला जास्त छळते. भिंतीला फोमचे पत्रे, सतरंज्या, अंड्यांचे ट्रे लावून याला काही फरक पडत नाही. त्याने खोलीतला खणखणाट कमी होतो, भिंतीपलीकडचा हादरा नाही.

मोबाईलवरच्या आवाज मोजण्याच्या अ‍ॅपवरही विसंबू नये. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ज्या 'ए' मापाने मोजतात ते माप खालच्या सुरांना फार कमी लेखते. ३१.५ हर्ट्झला तर तब्बल ३९ डेसिबल. म्हणजे ७० डेसिबलची घरघर मीटरवर ३१ दिसेल, आणि दादींना ती अंथरुणात स्पष्ट जाणवेल. मुलगा म्हणेल नियमात आहे, दादी म्हणतील झोप नाही, आणि दोघेही खरे बोलत असतील.

तरीही काही उपाय आहेत. सबवूफर दादींच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, समोरच्या भिंतीकडे न्यावा. त्याची जागा ठरवायची जुनी युक्ती चांगली आहे : सबवूफर बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवावा, एखादे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने वाकून फिरावे. जिथे आवाज भरीव पण न घुमता येतो, तिथे त्याची जागा. कोपऱ्यात आवाज वाढतो हे खरे, पण घुमतोही तिथेच. पायांखाली जाड रबर घालावे, म्हणजे फरशीतून जाणारा हादरा तरी कमी होतो. अँप्लिफायरमधला क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा. शंभराच्या वर नेला की पुरुषी आवाज सबवूफरमधून येऊ लागतात आणि ते विचित्र वाटते. रिसीव्हर असेल तर त्यात रात्रीसाठी मोठे आवाज दाबणारी सोय असते, ती शोधावी. आणि मागे सबवूफरसाठी वेगळा स्विच बसवावा, हाताशी येईल असा. दहा वाजले की तो बंद. बाकीचे पाच स्पीकर चालू राहिले तरी चित्रपट बघता येतो.

त्या भगिनींना सांगायचे ते थोडक्यात असे. बारा इंची नको. दहा इंचीचे पत्रक मागा. एफएस ३५ च्या खाली, क्यूटीएस ०.४ ते ०.५ च्या दरम्यान आणि एक्समॅक्स १० मिलिमीटरच्या पुढे असेल तर मुलाला बंद खोका करू द्या. दुकानदार पत्रक देऊ शकला नाही तर पैसे खिशात ठेवा. अब्बा आल्यावर बापलेकांनी मिळून मुंबईला जाऊन वूफर आणला, तरी सुटीतले पुष्कळ दिवस उरतील. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हा दिवसा, दादींना समोर बसवून वाजवा. त्यांच्या खोलीत कोणी तरी उभे राहून ऐका. आवाजाचे बटण तिथून आलेल्या निरोपावर ठरवा, आणि त्या जागी पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा.

खोक्याला गोल भोक पाडण्याविषयी चार जणांनी विचारले आहे. जिगसॉ नसेल तर पटाशीने ते कसे पाडावे आणि वूफर कडेला का गळतो, हे पुढील अंकात. तोवर प्लाय विकत घेतला असेल तर तो उभा न ठेवता आडवा, सपाट जागी ठेवावा, पावसात तो वाकतो.